सिकलसेल : मोजणी झाली, उपचारांचं काय?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट जाहीर झालं. त्या दिवशी नागपुरातल्या आम्हा जुन्या मंडळींना मनापासून आनंद झाला होता. तो आता ओसरला आहे. तपासलेल्यांचे आकडे कोटींत ऐकू येतात. पण गावातला एसएस पॅटर्नचा, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेला मुलगा हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या कॅप्सूलसाठी अजून तालुका ओलांडून जिल्ह्याला जातो आणि साठा संपला म्हणून रिकाम्या हाताने परततो. म्हणून मागे वळून पाहणं भाग आहे.

सुरुवातीचा इतिहास पुस्तकांत सापडतो. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तातल्या विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो नेमका हुडकला : बीटा साखळीतल्या 146 अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन, एवढाच फरक. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत तो आढळला आणि 1958 मध्ये शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. त्यानंतर तीसेक वर्षं विषय प्रयोगशाळांपुरता राहिला.

आम्ही पाहिलं ते नव्वदचं दशक. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीबाहेर हातपाय सुजलेली तान्ही मुलं घेऊन आया बसलेल्या असत. गावाकडच्या दवाखान्यांत त्या मुलांवर कधी संधिवाताचे, कधी काविळीचे उपचार होऊन गेलेले असत. रक्त कमी म्हणून लोहाच्या बाटल्या पाजलेल्या असत. खरं तर रक्त लोहाअभावी कमी नसे. ऑक्सिजन कमी पडला की पेशी वाकड्या आणि ताठ होतात, लवकर फुटतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. कळ उठली की मोठा माणूसही लोळण घेतो.

त्या काळात लोकांना आधार दिला तो पालकांच्या संघटनेने. संपत रामटेके आणि जया रामटेके यांनी नागपुरात हे काम उभं केलं. संपत रामटेके यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. वस्त्यांतल्या बैठकांत एक आई दुसरीला सांगायची : पोराला पाणी भरपूर पाज, थंडीत उघडं ठेवू नको, ताप आला तर रात्र काढू नको. गोंड, बौद्ध, कुणबी, तेली, सगळे एका सतरंजीवर बसत.

विरोधही तिथेच पाहिला. ‘आमच्या समाजाला बदनाम करू नका,’ असं म्हणणारे पुढारी होते. ‘हे आदिवासींचं, आतल्या पानावर घ्या,’ असं सांगणारी वर्तमानपत्रं होती. सगळ्यांत जास्त नुकसान केलं ते ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ या वैद्यकीय समजुतीने. तिला आधार होता. आपल्याकडच्या अरब-भारतीय जनुकीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि ओडिशातल्या रुग्णांत आजार सौम्य दिसला होता. पण तोच निष्कर्ष विदर्भाला लावणं चूक होतं. प्रदेशागणिक फरक असतो : दक्षिण गुजरातच्या आदिवासींत आल्फा थॅलेसेमिया हा दुसरा रक्तदोषही जास्त आढळतो आणि त्यामुळे त्रास कमी होतो. नागपूरच्या रुग्णांना ते कवच तेवढं नाही. डॉ. दीप्ती जैन यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी इथल्या मुलांच्या नोंदी ठेवल्या, कमी मात्रेतल्या हायड्रॉक्सियुरियाचा गुण दाखवला, तेव्हा कुठे ती समजूत हलली. तोवर किती मुलं गेली, याची नोंद कुणाकडेच नाही.

2008 च्या सुमारास राज्याचा कार्यक्रम आला. आरोग्यसेविका घरोघरी गेल्या, तपासणीच्या निकालाची कार्डं वाटली. काम मोठं होतं. पण हळूहळू आजार रजिस्टरात गेला आणि सतरंजीवरच्या बैठका बंद पडल्या. त्याची हळहळ आजही वाटते. समजावून सांगणारं माणूस गेलं आणि हातात नुसतं कार्ड उरलं. मग त्या कार्डामुळे वाहक, म्हणजे एएस पॅटर्नच्या मुलीचं लग्न मोडू लागलं. वास्तविक एएस पॅटर्न हा आजार नव्हे. जोडीदार एए, म्हणजे हा दोष नसलेला असेल तर मुलांना सिकलसेलचा आजार होत नाही. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते. एवढं साधं गणित सांगायला गावात कुणी नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. पण नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातून रक्तविकार बाहेरच ठेवले गेले. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने जनुकीय उपचारांना मान्यता दिली. त्यातल्या एकाची किंमत 22 लाख डॉलर. आमच्या मुलांना आज हवी आहे ती काही रुपयांची कॅप्सूल, तीही न चुकता.

वाहकांची लग्नं थांबवून आज जगत असलेल्या रुग्णाची एकही कळ थांबत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरिया, आदिवासी जिल्ह्यांत नवजात बाळांची तपासणी आणि रक्तविकारांना नोकरीत आरक्षण, या तीन गोष्टी सरकारने आता द्याव्यात. पुढच्या 19 जूनला, जागतिक सिकलसेल दिनी, किती तपासले हे सांगू नका. किती जणांना वर्षभर औषध मिळालं, तो आकडा जाहीर करा.