पगार थांबला तर घर किती महिने चालेल?

‘आपल्याकडे किती साठलंय?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत लाखांत मिळतं. पण नोकरी गेली की खरा प्रश्न महिन्यांचा असतो. तीन लाख म्हणजे किती महिने? हा हिशेब पगार चालू असतानाच, घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकत्र बसून करायला हवा. एकट्या कमावत्या माणसाने तो मनात ठेवला, तर संकटाच्या दिवशी घर बेसावध सापडतं.

आधी खर्च, मग शिल्लक

पुण्यातलं एक नमुन्यादाखल घर घेऊ. हातात येणारा पगार 70,000. गृहकर्जाचा हप्ता 22,000, किराणा-भाजी-दूध-गॅस 14,000, शाळेची फी महिन्यावर वाटली तर 5,000, सोसायटीचा मेंटेनन्स 2,500, वीज आणि मोबाइल 3,000, आजीची औषधं 3,500, पेट्रोल 4,000, विम्याचे हप्ते 3,000 आणि हॉटेल, कपडे, सणवार मिळून 8,000. एकूण 65,000.

पगार थांबल्यावर यातलं काय कमी होईल? वाटतं निम्मं होईल, पण तसं होत नाही. हप्ता, फी, मेंटेनन्स, औषधं जिथल्या तिथे राहतात. पेट्रोल निम्म्यावर येईल, हॉटेल-कपड्यांचे साडेसहा हजार वाचतील, किराण्यात फार तर दीड हजार. एवढी ओढाताण करून वाचले दहा हजार. मध्यमवर्गीय घराचा खर्च लवचिक असतो, हा समजच चुकीचा आहे. कर्ज असलेल्या घराचा तर मुळीच नसतो.

त्यात एक नवा खर्च येतो. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतंत्र पॉलिसीसाठी महिन्याला दोन हजार धरले, तर आकडा 57,000 वर जातो. बचत खात्यात 60,000 आणि एफडीत 2,40,000 असतील, तर तीन लाखांत पाच महिने आणि वर एखादा आठवडा निघतो. यात जूनमध्ये शाळेची फी एकरकमी भरायची असेल, तर तो महिना आधीच जड जाणार.

कोणते पैसे मोजायचे?

आठवड्याभरात हातात येतील तेच. बचत खातं, मोडता येणारी एफडी. पीपीएफ, प्लॉट, येणं असलेली उसनवारी यात धरू नये. सोनं धरावं की नाही, हे घरानेच ठरवावं. पण तारण ठेवलं तर व्याज सुरू होतं.

पैसे कुठे आहेत, हेही पाहावं. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. लाखो शिल्लक असणाऱ्यांवर औषधांसाठी हात पसरायची वेळ आली. ठेव विम्याची मर्यादा 2020 मध्ये एका लाखावरून पाच लाखांवर गेली आणि 2021 च्या कायदा-दुरुस्तीनंतर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम 90 दिवसांत देण्याची तरतूद झाली. ही मोठीच सोय आहे, पण 90 दिवस म्हणजे आपल्या नमुन्याच्या घराचे तीन महिने. म्हणून बचत दोन बँकांत विभागलेली बरी.

ग्रॅच्युइटी आणि पीएफ

एकाच ठिकाणी सलग पाच वर्षं पूर्ण झालेल्या कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते. सूत्र सोपं आहे: शेवटचं मूळ वेतन व महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. ही बेरीज 26,000 आणि नोकरी आठ वर्षांची असेल, तर 1,20,000 रुपये. कंपनीने ती देण्याची मुदत 30 दिवसांची आहे. म्हणजे आणखी दोन महिन्यांची सोय.

पीएफचं बहुधा कागदांत अडतं. आधारवरचं नाव आणि पीएफ खात्यावरचं नाव जुळत नाही, किंवा नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर भरलेली नसते. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख सभासदाला स्वतः भरता येते, हे अनेकांना ठाऊक नसतं. नावाची दुरुस्ती मात्र नोकरीत असतानाच करून घ्यावी.

हप्त्याचं काय?

थकबाकी 90 दिवसांवर गेली की कर्जखातं अनुत्पादित ठरतं आणि त्यानंतर बँक 60 दिवसांची नोटीस काढू शकते. पहिला हप्ता बाउन्स व्हायच्या आत, नोकरी गेल्याचं पत्र घेऊन शाखेत जावं आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याविषयी लेखी अर्ज द्यावा. हप्ता 22,000 वरून 17,000 वर आला, तर महिन्याचा खर्च 52,000 होतो आणि त्याच तीन लाखांत पावणेसहा महिने निघतात. आयुर्विम्याचा हप्ता चुकला, तर मासिक पॉलिसीला साधारण 15 दिवसांची आणि इतरांना 30 दिवसांची सवलत असते. तेवढ्यात तो भरावाच, कारण कमावतं माणूस घरी बसलेलं असताना पॉलिसी बंद पडू देणं या घराला सगळ्यात महागात पडेल.