रंग भिंतीला, उजेड मनाला

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगकामाचा विषय निघतो. दुकानातून शेडकार्ड येतं, रात्री ट्यूबलाइटखाली सगळे त्यावर बोट ठेवतात आणि रंग ठरतो. भिंतीवर लागला की मग, ‘अगंबाई, असा नव्हता वाटला!’ तोवर पैसे गेलेले असतात.

निळा शांत करतो, लाल चिडवतो असं आपण ऐकतो. पण रंग म्हणजे काही औषध नव्हे. अमेरिकेत सिएटलच्या नौदल तुरुंगात १९७९ मध्ये कोठडीला गुलाबी रंग दिला, तेव्हा कैदी शांत होतात असं सांगितलं गेलं. पुढच्या चाचण्यांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. उजेडाचं तसं नाही. भरदिवसा दिवा लावावा लागतो अशा खोलीत बसून कुणालाही मरगळ येते. म्हणून रंगाआधी उजेड बघा.

पांढरा रंग अंगावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकतो, गडद निळा किंवा विटकरी तो गिळून टाकतो. त्यामुळे अंधाऱ्या माजघराला मोतिया, क्रीम किंवा फिकट पिवळा द्या, छत पांढरंच ठेवा. उत्तरेकडच्या खोलीत उजेड थंड असतो. तिथे आकाशी उदास दिसतो, बदामी किंवा अबोलीची छटा ऊब आणते. दुपारी तापणाऱ्या पश्चिमेच्या खोलीत मात्र आकाशी, पिस्ता डोळ्यांना बरे वाटतात. गडद रंगाची हौस असेल तर एकाच भिंतीवर भागवा. खिडकीसमोरची भिंत फिकटच हवी.

घरात सासूबाई-सासरे असतील तर आणखी एक. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, फिकट छटांमधला फरक कळेनासा होतो. भिंत, दार, उंबरा सगळंच क्रीम असेल तर पाय अडखळायचाच! उंबऱ्याला आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला ठळक रंग द्या.

भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा. मग नमुन्याचा छोटा डबा आणून दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचा चौकोन रंगवा, दोन हात द्या. वाळल्यावर सकाळी, दुपारी आणि दिवा लावून बघा. दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

आणि हो, पाहुण्यांच्या हॉलला महागाचा रंग आणि स्वयंपाकघराला उरलासुरला, असं यंदा नको. जिथे तुमचा दिवस जातो, त्या खोलीचा रंग आधी ठरवा आणि तो तुम्हीच ठरवा.