नवा खोंड गाडीला कसा लावावा
— ऊस विकास अधिकारी



या पत्रिकेत मी दर खेपेला लागणीची तारीख, बेणेप्रक्रिया, खोडवा यावर लिहीत आलो. आज खोडव्यावर नव्हे, खोंडावर लिहिणार आहे. कारण तसेच आहे. २०२२ साली लम्पीची साथ आली आणि आपल्याकडे कितीतरी जोड्या फुटल्या. एक बैल गेला, एक दावणीला राहिला. तेव्हापासून घरचाच गोऱ्हा वाढवून जोड जमवणारे सभासद वाढले. ट्रॅक्टर आले, अंगद गाड्या आल्या, तरी पाणंदीतला आणि अडचणीच्या रानातला ऊस अजून बैलगाडीनेच निघतो. पण मोळी पडायला आठ दिवस राहिले की खोंड धरायचा, दोन पोरं आडवी उभी करायची आणि थेट गाडीला जुंपायचा, हा प्रकार मी दर हंगामात बघतो. बघून गप्प बसवत नाही, कारण हे आमच्या घरात घडलेले आहे.

१९९५ साल. मी शाळेत होतो. वडिलांनी खरसुंडीच्या यात्रेतून खिलार खोंड आणला होता. कोसा रंग, शिंगं अजून पुरती वळलेली नव्हती. पंधरा दिवसांत त्याला जुन्या बैलाशेजारी जुंपला. रिकामी गाडी ओढली, तशी वडिलांना धीर आला आणि दुसऱ्याच दिवशी गाडीत ऊस भरला. ओढ्याच्या उताराला टायरची गाडी मागून रेटू लागली. खोंडाला हे काय आहे ते कळेना. तो उधळला, शिवळ मोडली, गाडी कडेला गेली. माणसं वाचली. पण त्यानंतर गाडी दिसली की तो खाली बसायचा. शेपूट पिरगाळली, नाकाशी धूर केला, काही उपयोग झाला नाही. चार महिन्यांनी बाजारात निम्म्या किमतीला गेला. वडिलांनी त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. फक्त जाताना त्याच्या वशिंडावरून हात फिरवलेला मी पाहिला.

तो खोंड वाईट नव्हता. खिलार जात मुळातच चपळ आणि तापट, तिच्या कानाला नि डोळ्याला बारीकसारीक सगळं लागतं. म्हणूनच ती चालते झपाट्याने आणि म्हणूनच बिघडतेही लवकर. अशा जनावराने पहिल्या दोन महिन्यांत भीती शिकली की ती जन्मभर निघत नाही.

तेव्हा घाई नको. आषाढातला बेंदूर झाला की शिकवायला घ्या, म्हणजे हंगामापर्यंत तीन महिने हातात राहतात. वयाचे म्हणाल तर दोन दात पडून नवे आले, अडीच-तीन वर्षांचा झाला की हलकी शिकवण चालते. पूर्ण भार मात्र जुळल्याशिवाय नको. अंगाने थोराड दिसला म्हणून हाडं पिकली असं होत नाही.

पहिले आठ-दहा दिवस दोरीसुद्धा लावू नका. नुसते जवळ जा. कसे जायचे हेही सांगतो, कारण इथेच निम्मे काम आहे. जनावराचे डोळे कपाळाच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते, फक्त शेपटीमागचे दिसत नाही. मागून गेलात तर तुम्ही त्याच्या लेखी एकदम उगवता, आणि मग लाथ बसली तर दोष त्याचा नाही. बाजूने, खांद्याच्या रोखाने, आवाज देत जा. दुसरी गोष्ट, त्याच्या खांद्याच्या मागे उभे राहून पुढे सरकलात तर तो पुढे चालतो. खांद्याच्या पुढे आलात तर थांबतो किंवा मागे सरतो. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या बाईंनी जनावरांच्या हाताळणीचा आयुष्यभर अभ्यास करून हेच मांडले. आपल्या धनगराला ते पुस्तकाशिवाय येतं, हा भाग वेगळा.

हात आधी खांद्याला लावा, मग मानेला, पाठीला, शेवटी पायांना. अंग शहारलं की हात काढू नका, तिथेच हलका ठेवा. शांत झाला की काढा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे तो दचकला आणि तुम्ही हात काढला, तर दचकलं की माणूस दूर जातो एवढंच तो शिकतो.

मग म्होरकी. वेसण घातली असली तरी नाकाची जखम पुरती भरल्याशिवाय तिला कासरा बांधू नये. पावसाळ्यात तर जखमेत अळ्या पडतात, रोज बघा. म्होरकीला दोर लावून चालवायला शिकवा, आणि इथे एकच गोष्ट पक्की धरा. दोर ताणला की ताण तेवढाच ठेवा, झटके देऊ नका. खोंडाने एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी दोर सैल सोडा. त्या सैल सोडण्यातच त्याला उत्तर मिळतं. बहुतेक जण पाऊल पडल्यावर आणखी जोरात ओढतात. मग चाललं तरी ओढतात आणि थांबलं तरी ओढतात, असं झाल्यावर त्यानं चालायचं कशाला? घोडे शिकवणारे जाणकारही पाठीवर खोगीर टाकण्याआधी हेच करतात. जमिनीवर उभे राहून दोर धरणे आणि वेळेवर सोडणे. घोड्याच्या पाठीवर बसायचे असते आणि बैलाच्या मानेवर जू यायचे असते, एवढाच फरक.

थांबायचा आणि निघायचा शब्द ठरवा. शब्द घरोघरी वेगळा असतो, कोणताही चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. बाप एक म्हणतो, पोरगा दुसरं म्हणतो, गडी शिटी मारतो, आणि शेवटी म्हणतात खोंड बधिर आहे. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे पुरेत. चांगलं केलं की तिथेच थांबायचं. आणखी एकदा बघू म्हणून ताणलं की बिघडतं.

जुवाचा पहिला दिवस हा मोठा दिवस. वैरण घालून, रवंथ होऊ देऊन मग घ्या. शेजारी शांत, वयस्क बैल हवा, उंचीला शक्य तितका बरोबरीचा. उंचीत फरक असला की जू तिरपे होते आणि भार ठेंगण्या खांद्यावर येतो. जू मानेला टेकते ती जागा रुंद, गुळगुळीत असावी. गाठ, खिळा, उंचवटा हाताने चाचपून बघा. पहिले दोन-तीन दिवस नुसते जू, मागे काही नाही. मग एक हलका ओंडका साखळीने बांधून नांगरटीत ओढू द्या. मागून काहीतरी खरडत येतंय हा आवाज त्याला नवा असतो. मऊ रानात तो उधळला तरी चार ढांगांत दमतो. डांबरी रस्त्यावर हा प्रयोग करू नका. त्यानंतर कुळव, रिकामी गाडी, पाव भार, अर्धा भार. यात फारसे सांगण्यासारखे नाही, दिवस द्यावे लागतात एवढेच. उतार मात्र शिकवावा लागतो. आधी अगदी सौम्य उताराला, रिकाम्या गाडीने, माणूस पुढे धरून, जेणेकरून मागून येणारे रेटणे त्याला ओळखीचे होईल. गाडी भरताना भार पुढे फार नको आणि उलाळही नको. पुढे जड झाली तर खांदा जातो, उलाळ झाली तर सापतीने गळा आवळतो.

सोडल्यावर रोज खांद्याला तळहात लावा. गरम लागला, केस उपटल्यासारखे दिसले, बोटाने दाबल्यावर अंग चोरले, तर दुसऱ्या दिवशी जू नाही. ओल्या मानेवर जू घासून सूज लवकर येते, म्हणून पावसात भिजला असेल तर आधी पुसून कोरडा करा. बेंदराच्या आदल्या दिवशी हळद-लोण्याने खांदेमळणी करतो, ती चांगलीच. पण सूज आलेल्या खांद्याला मळणी नको, विश्रांती आणि जनावरांचा डॉक्टर हवा.

पिराणीच्या टोकाला आर असेल तर ती काढून टाका. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांत टोकदार काठीला बंदी आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, आणि पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून खोंडांना भाव आला हे खरे. पण शर्यतीच्या नादात भिववून पळवलेला खोंड उसाच्या गाडीला उभा राहत नाही, हे घेताना ध्यानात ठेवा.

शेवटचे शिक्षण कारखान्याच्या आवाराचे. गेल्या हंगामात एक सभासद काट्यापाशी तासभर अडकले. खोंड रानात, रस्त्यावर सगळीकडे नीट चाललेला, पण वजनकाट्याच्या लोखंडी पत्र्यावर पाय ठेवीना. त्याचा पोकळ आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. मागून गाड्यांचा नंबर, ट्रॅक्टरचे हॉर्न. त्यांनी मारलं नाही, मी त्यांना मनापासून मानतो. खोंड सोडला, दुसरा बैल पुढे घालून त्याच्यामागून तीनदा मोकळाच पत्र्यावरून नेला, मग जुंपला. असं होऊ नये म्हणून घरीच जुना पत्रा किंवा फळ्या वाटेत टाकून त्यावरून रोज ने-आण करा. प्लास्टिकचा कागद, भोंगा, मोटारसायकल यांचीही ओळख लांबून करून द्या आणि रोज थोडी जवळ आणा. आवारात नंबर लागून गाडी उभी असेल तर जू खांद्यावर ठेवून वाट बघू नका. शिपाया लावा, बैल सोडा, पाणी दाखवा.

मोळी पडायच्या आधीच्या आठवड्यात आवार मोकळे असते. ज्यांचा खोंड यंदा पहिल्यांदा येणार आहे त्यांनी गटाच्या कृषी सहायकाला सांगून रिकामी गाडी एकदा काट्यावरून आणि गव्हाणीपर्यंत फिरवून न्यावी. सकाळी लवकर या, म्हणजे वर्कशॉपची ठाकठोक सुरू व्हायच्या आत एक फेरी शांतपणे होईल आणि दुसरी आवाजात करता येईल.