तीनशे विजयांची वाट

१३ जुलै १९६३ रोजी अर्ली विन हा क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाकडून कॅन्सस सिटीच्या संघाविरुद्ध चेंडू फेकण्यास उभा राहिला, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. गाउटच्या दुखण्याने त्याला ग्रासले होते. आपला दोनशे नव्याण्णवावा विजय त्याने आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्येच मिळविला होता. परंतु पुढला एक विजय काही केल्या हाती लागेना. दरम्यान शिकागोच्या संघाने त्याला मोकळेही केले होते. त्या दिवशी त्याने कसेबसे पाच डाव टाकले आणि पाचास चार अशी आघाडी आपल्या सहकाऱ्याच्या हवाली करून तो मैदानाबाहेर गेला. ती आघाडी टिकली. विनच्या नावावर तीनशे विजय जमा झाले, आणि त्यानंतर त्याने एकही सामना जिंकला नाही.

एका विजयासाठी एवढी धडपड का, हे कळण्यासाठी बेसबॉलमधील एक रिवाज ध्यानात घ्यावयास हवा. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या नावावर बळी मांडले जातात, विजय मात्र संघाचा असतो. बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचा विजय आणि पराभव हे दोन्ही कोणा एका पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, नावावर नोंदविले जातात. सामना नऊ डावांचा असतो. ज्याने सामन्याची सुरुवात केली, त्याला विजय मिळावयाचा तर साधारणतः त्याने किमान पाच डाव पुरे केले पाहिजेत, तो बाहेर पडताना त्याचा संघ आघाडीवर असला पाहिजे आणि ती आघाडी शेवटपर्यंत कधीही हातची जाता कामा नये. ह्यांपैकी पहिली अटच काय ती त्याच्या हातची. बाकीच्या दोन बऱ्याच अंशी इतरांच्या कर्तृत्वावर अवलंबून असतात.

ह्यातून विचित्र प्रसंग उद्भवतात. १९८७ साली ह्यूस्टनच्या नोलन रायनने आपल्या लीगमध्ये सर्वांत कमी सरासरीने धावा दिल्या, तरीही त्याच्या नावावर विजय आठच आणि पराभव सोळा! उलटपक्षी, १९७२ साली फिलाडेल्फियाच्या दुबळ्या संघाने हंगामात जेमतेम एकोणसाठ सामने जिंकले, त्यांपैकी सत्तावीस एकट्या स्टीव्ह कार्लटनचे होते. अशी वर्षे अपवादात्मकच. कोणा एका हंगामातील विजयांवरून पिचरची योग्यता ठरविणे म्हणूनच धोक्याचे. तथापि वीस वर्षांच्या हिशेबात दैवाचे फासे बरेचसे सम होतात. रायनने २९२ पराभव पचविले आणि ३२४ विजय मिळविले. कार्लटनचे विजय ३२९ झाले.

तीनशेचा हिशेब सरळ आहे: दरवर्षी वीसप्रमाणे पंधरा वर्षे, अथवा पंधराप्रमाणे वीस वर्षे. आजवर केवळ चोवीस जणांना तो जमला. त्यांतील पहिला पड गॅल्व्हिन. त्याने १८८८ साली हा टप्पा गाठला. सर्वोच्च विक्रम साय यंगच्या ५११ विजयांचा. १८९० ते १९११ ह्या काळात त्याने ८१५ सामन्यांची सुरुवात केली आणि त्यांतील ७४९ स्वतःच संपविले. त्या काळी संघाकडे मोजकेच पिचर असत, आणि ज्याने आरंभ केला त्यानेच शेवट करावा अशी अपेक्षा असे.

कौशल्याइतकाच येथे काळाचा प्रश्न असतो, आणि काळ नेहमी खेळाडूच्या मालकीचा नसतो. बॉब फेलरने तेविशी गाठण्यापूर्वीच १०७ सामने जिंकले होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर तो नौदलात दाखल झाला. ऐन उमेदीचे जवळजवळ चार हंगाम युद्धाने गिळले आणि त्याची गाडी २६६ वर थांबली. ह्याच युद्धात सैनिक म्हणून लढलेल्या वॉरन स्पानला पहिला विजय पंचविसाव्या वर्षी, १९४६ साली मिळाला. तरीही त्याने ३६३ पर्यंत मजल मारली. तेव्हा केवळ युद्धाला दोष देऊनही भागत नाही.

दुसरा शत्रू म्हणजे स्वतःचा हात. पूर्ण वेगाने चेंडू फेकताना कोपराच्या आतील अस्थिबंधावर विलक्षण ताण येतो. १९७४ साली टॉमी जॉनचा हा अस्थिबंध तुटला. डॉ. फ्रँक जोब ह्यांनी त्याच्या उजव्या हातातील स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसविला. ह्या शस्त्रक्रियेला आज त्याच खेळाडूचे नाव आहे. त्याच्या एकूण २८८ विजयांपैकी १६४ तिच्यानंतरचे आहेत. तीनशेला बारा मात्र कमीच पडले. फिल नीक्रोने हा ताणच टाळला. बोटांच्या टोकांत धरून जवळजवळ न फिरवता सोडलेला त्याचा संथ ‘नकलबॉल’ हवेत वाटेल तसा हेलकावे खाई. वेगाची गरज नसल्याने चाळिशीनंतरही त्याने १२१ सामने जिंकले. गंमत अशी, की १९८५ साली तीनशेवा विजय मिळविताना त्याने हा चेंडू अगदी शेवटच्या फलंदाजापर्यंत राखून ठेवला होता.

२००९ साली रँडी जॉन्सनने तीनशे गाठले, त्यानंतर तेथवर कोणी पोहोचलेले नाही. पूर्वी चार पिचर आळीपाळीने सामना सुरू करीत. पुढे ते पाच झाले. शंभरेक चेंडूंनंतर पिचर बदलला जातो, कारण तोच पिचर तिसऱ्यांदा समोर आला की फलंदाजांना तो उमगू लागतो. २०२४ च्या हंगामात सर्व तीस संघांचे मिळून, एकाच पिचरने आरंभापासून अखेरपर्यंत टाकलेले सामने तिसांच्याही आत होते. हात आणि संघ दोन्ही ह्यामुळे सुरक्षित राहतात, हे मान्यच करावे लागेल. परंतु आघाडी मिळण्यापूर्वीच जो बाहेर बसला, त्याच्या नावावर विजय येणार कोठून?

दरम्यान विजयांच्या आकड्याची प्रतिष्ठाही ओसरली. २०१८ साली जेकब डीग्रॉमला अवघे दहा सामने जिंकूनही साय यंगच्याच नावाचा, उत्कृष्ट पिचरचा पुरस्कार देण्यात आला. तीनशेच्या आसपास फिरकू शकेल असा सध्याचा पिचर म्हणजे जस्टिन व्हरलँडर. कोपराच्या त्याच शस्त्रक्रियेनंतर २०२२ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने अठरा सामने जिंकले. पुढे २०२५ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या वाट्याला चारच विजय आले. बेचाळिसाव्या वर्षी त्याची एकूण संख्या झाली २६६, फेलरच्या बरोबर.