बॅटरीच्या जोडणीतील नर आणि मादी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या भानगडीत पडू नये, असा आमच्या वसतिगृहातील विज्ञानवाल्यांचा उपदेश असतो. तो न मानल्याचे फळ मला गेल्या वर्षी एकांकिकेच्या तालमीत मिळाले. रंगमंचावर पेटता कंदील हवा होता. कंदिलात एक छोटा एलईडी, त्याला जोडलेला रेझिस्टर आणि तळाशी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, अशी योजना मी केली. बॅटरीवर दाबून बसवायची कॅप मिळेना, म्हणून एका संपलेल्या बॅटरीचे डोके काढून त्यालाच तारा जोडल्या. बॅटरीवर गोल बटणाशेजारी अधिक चिन्ह असते. तेव्हा लाल तार गोल बटणाला, हे उघडच होते. पण ऐनवेळी कंदील पेटला नाही आणि नायिकेने अंधारातच पत्र वाचले!

चूक कोठे झाली? या बॅटरीच्या डोक्यावर दोन बटणे असतात. लहान, गोल बटण म्हणजे नर. ते धन टोक. मोठे, कडांना पाकळ्यांसारखे कोन असलेले बटण म्हणजे मादी; ते ऋण टोक. नर मादीतच शिरतो. त्यामुळे माझ्या टोपीचे गोल बटण नव्या बॅटरीच्या मोठ्या, म्हणजे ऋण बटणात बसले आणि सारे उलटे झाले. एलईडी वीज एकाच दिशेने जाऊ देतो, म्हणून तो रुसला. बॅटरीवर जो नर धन, तोच कॅपवर ऋण, हे सूत्र तेव्हा कळले.

आता प्रश्न असा की, नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखावे कसे? आपले व्याकरण येथे कामास येत नाही. आपण तो प्लग, ती बॅटरी, ते सॉकेट म्हणतो आणि तिन्ही लिंगे संपवून मोकळे होतो. विजेच्या जगात नियम एकच आहे: प्लॅस्टिकचे आवरण पाहू नये, आतील धातू पाहावा. धातूची पिन बाहेर आलेली असेल तर तो नर. पिन घेणारी पोकळी असेल तर ती मादी.

आवरण कसे फसवते याचे उत्तम उदाहरण म्हणजे ड्रोन आणि खेळण्यातील विमाने यांच्या बॅटऱ्यांना असणारा पिवळा ‘एक्सटी ६०’ कनेक्टर. त्याच्या नराच्या पिना एका पिवळ्या वाटीच्या आत उभ्या असतात. मादीची भोके एका ठोकळ्यात असतात आणि तो ठोकळा त्या वाटीत शिरतो. म्हणजे प्लॅस्टिककडे पाहिले तर मादीच नर वाटते! विक्रेतेही कधी कधी येथे चुकतात. म्हणून मागणी करताना नावावर विसंबू नये. चित्रात पिना मोजाव्यात.

हा केवळ नावांचा घोळ नाही. ज्या बाजूला वीज सदैव जिवंत असते, त्या बाजूला मादी असावी, असा संकेत आहे. भिंतीत सॉकेट असते आणि पंख्याच्या वायरीला पिना, त्याचे कारणही हेच. बॅटरीला उघड्या पिना दिल्या आणि एखादी किल्ली दोन्ही पिनांना एकदम टेकली, तर शॉर्टसर्किट होते. लिथियमच्या बॅटरीत त्यातून आग लागू शकते. ९ व्होल्टच्या बॅटरीची तर दोन्ही टोके उघडी आणि शेजारी शेजारी असतात. म्हणून सुटी बॅटरी किल्ल्या वा नाण्यांबरोबर खिशात ठेवू नये. टोकांवर चिकटपट्टी लावावी.

आणि या जगात अर्धनारीनटेश्वरही आहे. ‘अँडरसन’ जातीच्या कनेक्टरची दोन्ही अंगे अगदी सारखी असतात. एक उलटे धरले की दुसऱ्यात बसते. तेथे नर-मादीचा वाद नाही, मात्र धन-ऋणाची काळजी घ्यावीच लागते.

दुसऱ्या दिवशी मी दोन तारांची अदलाबदल केली आणि कंदील पेटला. वाचकहो, बाह्य रूपावरून आत काय आहे ते ठरवू नये, हे आपण कवितेच्या तासाला नेहमी ऐकतो. मला ते एका संपलेल्या बॅटरीने शिकवले.

(द्वितीय वर्ष, कला)