परळच्या प्रयोगशाळांतील स्त्रिया: काही गैरसमज

काळाचौकी, लालबाग, परळ म्हणजे गिरण्या, चाळी आणि संप, अशी ओळख इतकी पक्की आहे की विज्ञानाच्या इतिहासात हा भाग कोणी शोधत नाही. पण प्लेगप्रतिबंधक लस तयार करणाऱ्या हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. पुढे १९२६ मध्ये केईएम आणि १९४१ मध्ये टाटा मेमोरियल ही रुग्णालये याच परिसरात सुरू झाली.

या संस्थांमध्ये स्त्रिया होत्या, पण मदतनीस म्हणून, हा समज अधिक चिवट आहे. डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचे काम पाहिले की तो टिकत नाही. पुण्यात जन्मलेल्या कमल (माहेरच्या समर्थ) यांनी डॉ. व्ही. आर. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकल्या. शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याचे हे तंत्र. ज्या गाय यांनी जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी वाढवल्या, त्यांचीच ही प्रयोगशाळा. परत आल्यावर रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचे नाते त्यांनी तपासले. १९६६ ते १९७० या काळात संस्थेचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. खानोलकर त्यांचे गुरू होते हे खरे. पण गुरूच्या नावाखाली शिष्येचे स्वतंत्र काम झाकले जाणे हा अन्याय आहे.

कर्करोगाच्या संस्थेत फक्त कर्करोगावर काम झाले, असेही मानले जाते. पण १९५८ मध्ये रणदिवे, खानोलकर आणि त्यांचे सहकारी बापट यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतींतून एक जंतू वेगळा करून वाढवला. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘आयसीआरसी’ जंतू म्हणून ओळखला जातो आणि पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार झाली. मात्र कुष्ठरोगाचाच जंतू काचपात्रात वाढवण्यात यश आले, असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. तो जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही; आयसीआरसी हा त्याच कुळातला वेगळा जंतू आहे. रणदिवे यांचे श्रेय मोठे आहे. त्याला अतिशयोक्तीची गरज नाही.

१९७३ मध्ये रणदिवे यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. ही केवळ सत्कारांची संस्था, असे समजू नये. वाशीतील तिच्या केंद्रात नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर आहे. मूल सांभाळायला कोणी नाही म्हणून प्रयोग सोडावा लागतो, ही अडचण तिथे गांभीर्याने घेतली गेली.

परळशीच जोडलेला आणखी एक वाद आहे: भारताची पहिली नलिका-बालिका (टेस्ट ट्यूब बेबी) कोणती, यावर दोन्ही बाजूंनी अर्धेच सांगितले जाते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये जन्मलेली हर्षा ही शास्त्रीय नोंदी असलेली पहिली. हे यश केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे संयुक्त होते. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून १९७८ मध्येच दुर्गाचा जन्म झाला होता. त्यांच्या हयातीत तो दावा नाकारला गेला. आनंद कुमार यांनीच १९९७ मध्ये मुखर्जींची कागदपत्रे तपासून ते अग्रमान जाहीरपणे मान्य केले. त्यामुळे हिंदुजा यांचे काम उणे ठरत नाही. एका सार्वजनिक रुग्णालयात, इतर तज्ज्ञांना पडताळता येईल अशा नोंदींसह शरीराबाहेर गर्भधारणेचे हे तंत्र त्यांनी यशस्वी करून दाखवले.