अवकाशात शस्त्रे नकोत: १९६७ चा करार आणि त्यातली फट
बाह्य अवकाश करार १० ऑक्टोबर १९६७ रोजी लागू झाला. त्यामागे ताजा अनुभव होता. जुलै १९६२ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला, तेव्हा दूर हवाईतले रस्त्यावरचे दिवे गेले आणि पुढे किरणोत्सर्गाने अनेक उपग्रह निकामी झाले. कराराचे चौथे कलम म्हणूनच फार मोलाचे: पृथ्वीच्या कक्षेत अण्वस्त्रे किंवा सर्वसंहारक शस्त्रे ठेवता येत नाहीत, चंद्राचा वापर केवळ शांततेसाठीच करता येतो.

फट मात्र मोठी आहे. जमिनीवरून उपग्रहावर डागलेल्या साध्या क्षेपणास्त्राला हे कलम अडवत नाही. जानेवारी २००७ मध्ये चीनने आपलाच जुना हवामान उपग्रह फोडला; मागोवा घेता येतील असे तीन हजारांहून अधिक तुकडे झाले, आणि त्यांतले बरेच आजही फिरत आहेत. भारताने २०१९ मध्ये ‘मिशन शक्ती’ या उपग्रहभेदी चाचणीसाठी सुमारे ३०० किलोमीटरची कमी उंची निवडली, ती तुकडे लवकर खाली येऊन जळावेत म्हणून. रशियाच्या नोव्हेंबर २०२१ च्या चाचणीनंतर तर अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांना, त्यांत रशियाचेही होते, परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला.

डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अशा विध्वंसक चाचण्या न करण्याचे आवाहन मोठ्या बहुमताने केले. भारत तटस्थ राहिला. हा ठराव बंधनकारक नाही.